स्वागतगीतवाल्या सरांचा एक तास

संगीत माझ्या आयुष्यात सेवानिवृत्तीनंतर आलं, आणि तेही डॉक्टरांच्या सल्ल्यानं. रक्तदाब वाढला म्हणून लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की सकाळी चालत जा आणि संध्याकाळी काहीतरी शांत ऐका. आमच्या घरात संध्याकाळी शांत असं काही नसतं, म्हणून मी मोबाइलवर शास्त्रीय संगीत लावायला लागलो. रक्तदाबाचं काय झालं ते माहीत नाही, पण दोन महिन्यांत माझी मान डोलायला लागली. आता मान डोलायला लागलेल्या माणसाला एकट्यानं डोलणं बरं वाटत नाही. त्याला शेजारी आणखी चार माना लागतात.

म्हणून एका रविवारी सकाळी मी उदगीरच्या आमच्या मैत्री कॉलनीच्या फळ्यावर खडूनं लिहिलं : ‘आगामी शास्त्रीय मैफली. पहिली : व्हायोलिनवादन, कलाकार लातूरचे. दुसरी : गायन. तिसरी : लवकरच कळवू.’ दुसरी आणि तिसरी कोणाची, हे मलाही माहीत नव्हतं. पण पाटबंधारे उपविभागात चौतीस वर्षं काढलेला माणूस मी. कोणतीही योजना तीन टप्प्यांची लिहायची, हे हाताला लागलेलं वळण आहे. पहिला टप्पा पार पडला तरी साहेब खूश असायचे.

या फळ्यावर एरवी नळाला पाणी कधी येणार आणि कुत्र्यांना भाकरी कुठं टाकू नये एवढंच असतं. संध्याकाळी जाऊन बघतो तर माझ्या मजकुराखाली कोणीतरी लिहिलं होतं, ‘जेवण आहे का?’ आणि त्यापुढं वेगवेगळ्या हातांच्या पाच बरोबरच्या खुणा होत्या. लोकांनी दखल घेतली यातच मी समाधान मानलं.

आता कार्यक्रम म्हटला की स्वागतगीत आलं. आणि उदगीरमध्ये स्वागतगीत म्हटलं की रामलिंग सर आले. सर शाळेत तेहतीस वर्षं संगीतशिक्षक होते. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, तरी गावात कोणाचंही स्वागत असलं की लोक पेटीसकट त्यांनाच उचलून आणतात. त्यांना लोक ‘स्वागतगीतवाले सर’ म्हणूनच ओळखतात. मीही तसाच ओळखत होतो, खोटं कशाला सांगू.

देगलूर रोडला त्यांच्या घरी गेलो तेव्हा सर पेटीच्या भात्याला चिकटपट्टी लावत बसले होते. मी अजून बसलोही नव्हतो, तेवढ्यात त्यांनी विचारलं, “पाहुण्याचं नाव काय? लांब हाय का आखूड?”

“म्हणजे?”

“चालीत बसवावं लागतं. लांब असलं तर पहिल्या ओळीचा ‘हो’ काढतो.”

“सर, पाहुणे असे नाहीतच. व्हायोलिन आहे.”

सरांनी चिकटपट्टी खाली ठेवली. “मग स्वागत कुणाचं करायचं?”

स्वागतगीत पाहिजे एवढं डोक्यात पक्कं होतं. त्यासाठी कोणीतरी यावं लागतं, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी म्हणालो, “असंच म्हणा की सर. पाच मिनिटं. लोक बसेपर्यंत.”

“बरं,” सर म्हणाले. त्यांनी चहा पाजला. मी चपला घालून फाटकापर्यंत आलो तेव्हा मागून हाक आली. सर दारात उभे होते, आणि वर्गात उशिरा आलेल्या मुलाचा होतो तसा त्यांचा चेहरा झाला होता.

“भुजंगराव, एक तास मिळंल का?”

मला वाटलं, तयारीला मागतायत. पण सर सांगत गेले. “मी आठ वर्षं हैदराबादला राहून गाणं शिकलो. नोकरी लागली तवापासून मंत्री आले, कलेक्टर आले, बियाणं कंपनीची माणसं आली. पहिलं कडवं झालं की हेडमास्तर खालून असा हात फिरवायचे.” सरांनी मनगट गोल फिरवून दाखवलं. “आटपा, साहेबांना पुढं जायचंय. पुरा एक राग, मांडी घालून, बायकोसमोर गायलो तेवढाच. ती बी गेली आता. येत्या पौषात मला एकाहत्तरावं लागंल. एकच तास द्या. कुणी हात फिरवायचा न्हाई.”

या माणसाचं गाणं मी निदान शंभर वेळा ऐकलं असेल, आणि शंभर वेळा ते संपायची वाट बघितली होती. मी म्हणालो, “सर, आभाळ कोसळलं तरी तुम्हाला एक तास. शब्द देतो.”

“अन् पाहुणा नको,” सर म्हणाले. “दारात पाहुणा दिसला की माझं तोंड आपोआप स्वागतगीतात जातंय. हौस न्हाई ती, खोड लागलीय.”

घरी येऊन व्हायोलिनवाल्यांना फोन केला आणि त्यांना दुसऱ्या टप्प्यात ढकललं. ते लगेच बरं म्हणाले. लातूरच्या माणसाला नळाच्या पाण्यामुळं पुढच्या तारखेची सवय असते.

आता सभागृह. कॉलनीचं सभागृह म्हणजे वर पत्रे, खाली फरशी आणि सचिव हरिओम. हरिओम तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले, पण ते फक्त नोकरीतून. सभागृहाच्या मागणीचा अर्ज त्यांनी स्वतः तयार केला आहे, आणि त्यात एकोणीस रकाने आहेत. सगळ्या तऱ्हेच्या कार्यक्रमांना एकच अर्ज चालावा, ही त्यामागची दूरदृष्टी.

“रकाना सात रिकामा हाय,” हरिओम चष्म्यावरून म्हणाले. “मिरवणुकीचा मार्ग.”

“मिरवणूक नाही. गाणं आहे. बसून.”

“रिकामा ठेवता येत न्हाई. उद्या कुणी विचारलं तर?”

मी लिहिलं, ‘सभागृहाच्या दारापासून सतरंजीपर्यंत.’ ते त्यांनी मंजूर केलं. पुढं ‘वधूपक्ष’ आणि ‘वरपक्ष’ होते. तिथं बराच खल झाला, आणि शेवटी गायक वरपक्षात आणि श्रोते वधूपक्षात गेले. वेळेच्या रकान्यात मी ‘सूर्यास्त’ लिहिलं होतं, कारण सर मारवा गाणार होते आणि मारवा दिवस मावळतानाच गातात. हरिओमनी ते खोडून ‘सायं. ६.००’ केलं आणि सूर्यास्ताला त्याप्रमाणे कळवावं लागेल असं काहीतरी पुटपुटले. मग त्यांचं बोट चौदाव्या रकान्यावर आलं. प्रमुख पाहुणे. पुढं कंसात, आवश्यक.

“पाहुणे नाहीत,” मी म्हणालो.

“मग सभागृह न्हाई.”

“हरिओमजी, अहो, सरांची अटच आहे ती.”

“मागं एका बारशाला पाहुणा न्हवता. पंखा जळाला. आता जबाब कुणाचा घ्यायचा? बाळाचा?” असं म्हणून त्यांनी अर्ज माझ्याकडं सरकवला. चौतीस वर्षं मी लोकांकडं असेच अर्ज सरकवले, पण तेव्हा समोरच्या माणसाला कसं वाटतं याची कल्पना नव्हती.

घरी येऊन मी नुसता बसून राहिलो. आमच्या सौभाग्यवती दीपमाला शेजारच्या सरजाबाईंबरोबर शेंगा फोडत होत्या. सरजाबाई ऐंशीच्या आहेत आणि कॉलनीतल्या कोणालाही अहो-जाहो करत नाहीत.

“काय करायलास रं भुजंगा, तोंड पाडून?” त्यांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. सरजाबाईंनी एक शेंग फोडून दाणा तोंडात टाकला. “त्या अण्णारावाचं नाव टाक की. माझ्या नातवाच्या लग्नाला त्याला बलवलं व्हतं. नातवाला लेकरू झालं तवा आला.”

इतका सोपा उपाय मला सुचू नये, याची लाज वाटली. अण्णाराव म्हणजे माजी सभापती. पदावर होते तेव्हा कोणत्याही कार्यक्रमाला तीन तास उशिरा, हा त्यांचा नियम होता, आणि तो त्यांनी कधी मोडला नाही. सहाचं बोलावणं दिलं तर नऊला येणार. तोवर सरांचा मारवा होऊन भांडीसुद्धा घासून झालेली असणार. मी चौदाव्या रकान्यात त्यांचं नाव लिहिलं आणि जाऊन बोलावणंही देऊन आलो. त्यांनी कागदाकडं बघितलंही नाही, त्यामुळं मी फारच निर्धास्त झालो.

एक गोष्ट मात्र मी विचारात घेतली नाही. अण्णाराव माजी होऊन सहा वर्षं झाली होती, आणि त्या सहा वर्षांत त्यांना कोणी कशालाच बोलावलं नव्हतं.

पुढचे पंधरा दिवस सल्ल्यांत गेले. दुधवाला म्हणाला, एक तास एकच माणूस गाणार असेल तर मधे दोन चांगली गाणी टाका. समोरचे पेन्शनर म्हणाले, लकी ड्रॉ ठेवा. कोणी म्हणालं की माईक नसेल तर लोकांना कार्यक्रम सुरू झालाय हे कसं कळणार. हे सगळे सल्ले मी हसून घेतले, पण ‘जेवण आहे का’पुढच्या खुणा तेवीस झाल्या तेव्हा दीपमालानं निकाल दिला. “भात आणि येसराची आमटी करून टाकू. त्या वासानं तरी लोक तासभर बसतील.” श्रीमंत आचाऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “काका, मी बी ऐकायला येऊ का? गाण्याचं मला लई वेड हाय.” मी म्हणालो, अवश्य ये, पण नीट कपडे घालून ये. हे मी का म्हणालो, याचा मला आजही पश्चात्ताप आहे.

तबल्याला सुगत होता. कॉलेजच्या प्रयोगशाळेत सहायक आहे, तिशीतला, मोजकं बोलणारा. आमच्या भागात भीमगीतांच्या कार्यक्रमाला त्याच्याशिवाय पान हलत नाही. तो पहिल्या दिवशी मला म्हणाला, “काका, माझा हात द्रुत हाय. विलंबित एकतालात पुढचा ठोका येईपर्यंत माणूस चहा पिऊन येईल.” तरी पंधरा दिवस रोज कॉलेज सुटलं की तो सरांकडं जाऊन बसला. एकदा मी फाटकाबाहेर उभा राहून ऐकलं. सर त्याला सांगत होते, “घाई करू नको रं सुगत. आता कुणी हात फिरवणार न्हाई.” ते ऐकून मला माझ्या शब्दाचं एकदम ओझंच वाटायला लागलं.

रविवार उजाडला. सहाला वीस मिनिटं कमी असताना सभागृह भरलं होतं. त्यात आमटीच्या वासाचा वाटा किती आणि माझ्या फळ्याचा किती, हे मी ठरवत बसलो नाही. सरजाबाई पुढच्या रांगेत वाती वळत बसल्या होत्या. सर आले. धोतर, नवा कोरा नेहरू शर्ट, दाढी इतकी घोटलेली की हनुवटीवर दोन ठिकाणी कापलेलं. हरिओम निवेदनाला उठणार होते, त्यांना मी पँटला धरून खाली बसवलं. सरांनी डोळे मिटले आणि सुरुवात केली.

मारव्यात षड्ज, म्हणजे सा, लवकर देत नाहीत. गाणारा त्याच्या आसपास फिरत राहतो आणि ऐकणारा वाट बघत बसतो. खात्यातल्या मंजुरीसारखं आहे ते, म्हणून मला हा राग चटकन समजला. सरांचा आवाज मला ओळखूच येत नव्हता. स्वागतगीतातला तो उंच, घाईचा आवाज कुठं गेला कोणास ठाऊक. हा आवाज खालून, सावकाश, घरच्यासारखा येत होता. सुगतनं ठेका धरला. माझी मान डोलली. शेजारची मान डोलली. मी मनात म्हणालो, भुजंगराव, जिंकलात.

तेवढ्यात दार उघडलं, आणि दारात कडक इस्त्रीचा पांढरा शुभ्र सदरा, पांढरी विजार आणि डोक्याला पांढरी टोपी घातलेला माणूस हात जोडून उभा राहिला.

सरांनी डोळे उघडले. आणि मी सांगतो, जे झालं ते सरांनी केलं नाही, ते तेहतीस वर्षांनी केलं. मारव्याची ती लांब ओळ मधेच वळली, पेटी दुप्पट वेगानं सुरू झाली आणि सर गायला लागले, “स्वागत तुमचे करितो आम्ही, या हो...” आणि नावासाठी माझ्याकडं बघायला लागले. मी घाबरून खरं तेच सांगितलं. “श्रीमंत.”

“श्रीमंतराव हो, श्रीमंतराव...” सर गात राहिले. हरिओमच्याही अंगात तीच खोड. ते कुठूनसा एक पुष्पगुच्छ घेऊन धावले आणि त्यांनी तो पाहुण्याच्या हातात दिला. आचाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आजवर हजारो पंगती वाढल्या, पण कोणी असं बोलावलं नाही, असं म्हणून तो तिथंच गहिवरला, आणि मग हळूच म्हणाला की आमटीत मीठ कोणी बघणार का, एवढंच विचारायला आलो होतो.

सर एवढेसे झाले. त्यांनी पेटी बंद केली. “जाऊ द्या भुजंगराव. माझ्याच्यानं व्हणार न्हाई. लोकांना जेवू घाला.”

ते वाक्य मला फार लागलं. मी काही बोलणार तेवढ्यात सरजाबाईंनी वातींचं ताट खाली ठेवलं. “दार दिसतंय म्हणून व्हायलंय ना? मग मास्तरला फिरवून बसवा की. पाठ करून दाराकडं.”

पटलं. सगळं सभागृह उठलं. गादी, पेटी, तबला, तानपुऱ्याचं यंत्र, सगळं उचलून दाराच्या बाजूला आणलं आणि सरांना दाराकडं पाठ करून बसवलं. सतरंज्या फिरवल्या, लोक फिरले, सरजाबाई ताटासकट फिरल्या. हरिओमनी विचारलं की मिरवणुकीचा मार्ग आता बदलला, त्याचं काय, पण तोवर त्यांच्या हातात सतरंजीचं एक टोक आलं होतं. या सगळ्या धावपळीत एक साधी गोष्ट कोणाच्याही ध्यानात आली नाही. सरांची पाठ दाराकडं झाली, तसं श्रोत्यांचं तोंड दाराकडं झालं होतं.

मी स्वतः दाराबाहेर जाऊन उभा राहिलो. आता मुंगीलाही आत सोडणार नव्हतो. आत सरांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दहा मिनिटं गेली, वीस गेली. मी बंद दाराला कान लावून उभा होतो. सुगतचा ठोका सावकाश, न चुकता. सरांचा आवाज आता मोकळा झाला होता, आणि एका जागी त्यांनी तो षड्ज अखेर दिला तेव्हा आत सगळ्यांनी एकदम सुटकेचा श्वास सोडलेला मला बाहेर ऐकू आला. अर्धा तास झाला होता. मला वाटलं, झालं, निम्मं काम झालं.

तेव्हा पांढरी गाडी येऊन थांबली आणि तिच्यातून अण्णाराव उतरले. घड्याळात सात वाजायला दहा कमी होते. गळ्यात उपरणं, हातात चार कागदांचं भाषण.

“साहेब, तुम्ही?” मी म्हणालो. “इतक्या लवकर?”

“लवकर? उशीरच झाला. इस्त्रीवाल्यानं घोटाळा केला.” त्यांनी दाराकडं पाऊल टाकलं. मी आडवा झालो.

“साहेब, जरा पाच मिनिटं. आत गाणं चालू आहे.”

“चालू असू द्या की. मी आलो ना.” मग ते थांबले आणि माझ्याकडं बघून हळू आवाजात म्हणाले, “भुजंगराव, पत्रिकेवर माझं नाव टाकलंत अन् मलाच भाईर उभं करायलाव? सहा वर्षांनी कुणी तरी बलवलंय मला.”

आता मला सांगा, या माणसाला मी काय म्हणायला हवं होतं? तुम्ही येणार नाही म्हणून तुम्हाला बोलावलं, असं? मी बाजूला झालो. इथपर्यंत कोणीही मला माफ करील. पण त्यानंतर मी जे केलं त्याला माफी नाही. दार उघडलं, अण्णाराव उंबऱ्यात आले, आणि माझ्यातला चौतीस वर्षांचा सरकारी नोकर जागा झाला. हार कुठंय, खुर्ची कुठंय, साहेब उभे आहेत. दाराशी खिळ्याला हार लटकत होता, हरिओमनी ‘असू द्या’ म्हणून आणलेला. तो मी घेतला. आतले सगळे लोक दाराकडं तोंड करून बसलेले. त्यांनी अण्णारावांना बघितलं आणि सवयीनं सगळं सभागृह उभं राहिलं. आणि मी सरांच्या बाजूला जाऊन, त्यांना दिसेल असं, हात वर करून मनगट गोल फिरवलं.

हो, मीच. शब्द देणारा मी.

फिरवल्यावर मला कळलं की काय केलं. हात हवेत तसाच राहिला. सुगतचा ठेका थांबला. सरांनी डोळे उघडले होते. समोर उभे असलेले लोक त्यांनी बघितले, मग माझा हात बघितला, मग मान वळवून उंबऱ्यातल्या अण्णारावांना बघितलं. सरांचं तोंड अर्धवट उघडलं. आता ‘स्वागत तुमचे’ येणार, हे मला दिसत होतं. ते येऊ नये म्हणून मी मनातल्या मनात जेवढे देव आठवले तेवढ्यांना हात जोडले, पण वर केलेला हात मात्र खाली घेण्याचं भान मला राहिलं नाही.

“बसा,” सर म्हणाले.

आवाज मोठा नव्हता. वर्गाच्या दारातून आत येताना मास्तर म्हणतात तसा होता. आणि उदगीरमधलं निम्मं गाव त्यांच्या वर्गात बसून गेलेलं आहे. सगळं सभागृह एका दमात खाली बसलं. अण्णाराव एकदा म्हणाले, “मी जरा दोन शब्द...”

“बसा म्हणलं ना.”

अण्णाराव उंबऱ्यातच चपलांच्या ढिगाजवळ मांडी घालून बसले. त्यांनी भाषणाची घडी केली आणि ती मांडीखाली घातली. मीही होतो तिथंच बसलो, हार मांडीवर घेऊन, एक हात अजून वरच. सर माझ्याकडं बघत होते. मला वाटलं, आता काहीतरी लागेल असं बोलणार, आणि तो त्यांचा हक्कच होता. पण ते फक्त म्हणाले, “भुजंगराव, हात खाली घ्या.” मग सुगतकडं वळून, “कुठं व्हतो आपण? समेवर ये.”

सुगत समेवर आला. सरांनी अंतरा घेतला.

त्यांनी पुढं काय काय गायलं, त्यातलं मला सांगता येईल इतकं ज्ञान माझ्याकडं नाही. बाहेर दिवस मावळून गेला. अण्णारावांचा ड्रायव्हर दोनदा दारात येऊन घड्याळ दाखवून गेला, तिसऱ्यांदा आला तेव्हा अण्णारावांनी त्याला हाताला धरून शेजारी बसवलं. श्रीमंत आचारी पुष्पगुच्छ छातीशी धरून भिंतीला टेकला होता. आमटी दोनदा उतू गेली असं दीपमाला नंतर म्हणाली, पण तीही उठली नव्हती. शेवटी सुगतला हवा तसा द्रुत आला, आणि त्याचे हात असे सुटले की सरजाबाईंच्या वाती वळायच्या राहून गेल्या. सर मधूनच हसत होते. सरांना गाताना हसताना मी पहिल्यांदा बघितलं. स्वागतगीत गाताना ते कधी हसत नसत.

मग सरांनी शेवटचा सूर लावला, तो त्यांना पाहिजे तितका वेळ धरला आणि त्यांना पाहिजे तेव्हा सोडला. पेटीचा भाता मिटला. पंच्यानं तोंड पुसलं.

कोणी हललं नाही. टाळ्याही नाहीत. अण्णाराव मांडी घालून ताठ बसलेले, हरिओम हाताची घडी घालून बसलेले, मी हार धरून. सरांनी एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली. त्यांना कळेना, झालं काय या लोकांना, आवडलं की नाही आवडलं. मग एकदम त्यांच्या लक्षात आलं.

“झालं माझं,” सर म्हणाले. “उठा आता. जेवून घ्या.”

तेव्हा कुठं आम्ही उठलो.